रूप बदलते तेव्हा आत काय उरते: दोन पुराणकथा शेजारी ठेवून कशा वाचाव्यात

पुराणकथांची तुलना करायला बसलेला वाचक बहुधा साम्यावरच थांबतो. इकडे माणसाचे झाड झाले, तिकडेही झाले, म्हणजे कथा एकच, असे तो ठरवून टाकतो. साम्य हे केवळ दोन कथा शेजारी ठेवण्याचे निमित्त आहे. खरे वाचन सुरू होते ते रूप कोणाच्या सामर्थ्याने बदलले, परतीची वाट आहे का आणि बदललेल्या रूपात आत काय उरले, या प्रश्नांपासून.

आरंभी दोनच कथा घ्याव्यात आणि त्या कोणत्या ग्रंथातल्या, हे आधी लिहून ठेवावे. अहल्येची शिळा झाली असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात मात्र तिला वायुभक्षण करीत, राखेत पडून, कोणाच्याही दृष्टीस न पडता राहण्याचा शाप आहे. तेव्हा ग्रीक कथेतल्या दगड झालेल्या निओबीशी तिची तुलना करणाऱ्याने आपण कोणती अहल्या घेतली, हे सांगितलेच पाहिजे.

आता झाडांची जोडी पाहा. भागवताच्या दशम स्कंधात कुबेराचे पुत्र नलकूबर आणि मणिग्रीव मद्याच्या धुंदीत नारदासमोर विवस्त्र राहतात आणि त्याच्या शापाने अर्जुनवृक्ष होतात. ओव्हिड या रोमन कवीच्या, इ. स. ८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या पहिल्या सर्गात अपोलोपासून पळणारी डॅफ्नी आपल्या पित्याची, पेनेउस या नदीदेवाची, करुणा भाकते आणि लॉरेलचे झाड होते. एकीकडे रूपांतर ही शिक्षा, तर दुसरीकडे सुटका. शाप देणारा नारद देवर्षी आहे आणि त्याच्या शब्दामागे तपाचे बळ आहे. उलट अपोलो प्रत्यक्ष देव असूनही डॅफ्नीला परत आणू शकत नाही. आपल्याकडे शापाला बहुधा उःशाप असतो: उखळ ओढत आलेला कृष्ण दोन्ही वृक्ष उन्मळून पाडतो आणि ते भाऊ मुक्त होतात. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते पुढचे. नारद त्या भावांची स्मृती वृक्षयोनीतही राखतो, आणि अपोलो खोडावर हात ठेवतो तेव्हा सालीखाली डॅफ्नीचे हृदय अजून धडधडत असते. वही उघडावी ती याच जागी.

मुंबईकरांनी हा अभ्यास घारापुरीलाही करावा. सोमवारी लेणी बंद असतात. इतर दिवशी गेटवेहून लाँचने तासाभरात पोहोचता येते. मुख्य लेण्यातल्या अर्धनारीश्वरासमोर थांबून पाहावे: उजवे अंग पुरुषाचे, नंदीवर टेकलेला हात, डावे स्त्रीचे, हातात आरसा. इथे एका रूपाचे दुसरे होत नाही, दोन्ही एकाच वेळी नांदतात. त्याच लेण्यात रावण कैलास हलवतो आणि शिव तो स्थिर करतो. तिथे सामर्थ्य आहे, पण रूपांतर नाही. हे दोन्ही शिल्पपट शाप-उःशापाच्या कथांत न मिसळता वहीच्या वेगळ्या पानावर नोंदवावेत.