सीझनचा शेवटचा आठवडा : या चुका टाळा

आम्ही काही मित्र कॉम्प्युटरवर जुन्या अमेरिकन बेसबॉलची लीग चालवतो. एक जुनं वर्ष निवडायचं, प्रत्येकाने एकेक टीम घ्यायची आणि सीझन पुन्हा खेळायचा. ऑगस्टपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि सप्टेंबर लागला की दर वेळी तेच घोळ. "दहाच गेम राहिलेत, उरकून टाक ना," असं नवीन आलेला कोणीतरी म्हणतोच. त्या दहा गेमसाठीच तर आधीचे १४४ खेळलेले असतात!

सगळ्यात महागात पडते ती बरोबरीचा नियम न तपासण्याची चूक. पेनंटसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी, दोन टीम बरोबरीत आल्या तर काय करायचं, हे काळाप्रमाणे आणि लीगप्रमाणे बदलतं. मोठ्या लीग दोन, अमेरिकन आणि नॅशनल. अमेरिकन लीगमध्ये एकाच गेमवर फैसला व्हायचा. १९४८ मध्ये क्लीव्हलँडने बॉस्टनला तसंच ८-३ हरवलं. नॅशनल लीगमध्ये मात्र १९४६, १९५१, १९५९ आणि १९६२ या चारही वेळी तीनपैकी दोन गेम जिंकावे लागले.

आमच्या १९५१ च्या सीझनमध्ये ब्रुकलिन आणि सेंट लुईस शेवटच्या रविवारी बरोबरीत आले. ते मला दिसलंच नाही, कारण सगळे मागे लागले म्हणून मी गुरुवारपासून एका क्लिकमध्ये पुढे पळवलं होतं. सेटिंग नंतरच्या काळाचं, म्हणजे एकाच गेमचं होतं. स्क्रीन थांबली तेव्हा वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीतला, सेंट लुईसचा यँकीजविरुद्धचा पहिला गेम खेळून झाला होता. ब्रुकलिनवाल्याने आपला सर्वांत चांगला पिचर (बॉल टाकणारा) बरोबरीच्या दुसऱ्या गेमसाठी राखून ठेवला होता आणि तो दुसरा गेम झालाच नाही. शेवटची सेव्ह केलेली फाइल १७ दिवसांपूर्वीची होती. सगळ्यांना १७ दिवस मागे जावं लागलं. ब्रुकलिनवाल्याने लीग सोडली, आणि त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून २० सप्टेंबरनंतर मी एका वेळी एकच दिवस पुढे नेतो. रोज फाइलची प्रत काढून नावात तारीख घालतो. पहिल्या तीन टीमचे उरलेले गेम वहीत हाताने लिहितो. स्क्रीनवर सगळं दिसतं हे मान्य, पण लिहिताना जे लक्षात येतं ते नुसतं बघून येत नाही.

पावसाने राहिलेल्या गेमचं काय करायचं ते आधीच ठरवा. १९०८ मध्ये डेट्रॉइट ९०-६३ (जिंकले-हरले) आणि क्लीव्हलँड ९०-६४ असे राहिले. डेट्रॉइटचा राहिलेला एक गेम झालाच नाही आणि पेनंट अर्ध्या गेमने त्यांच्याकडे गेला.

१ सप्टेंबरला रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी, वाढतं, पण वर्ल्ड सिरीजसाठी ३१ ऑगस्टची यादीच धरायची.

खऱ्या सीझनमध्ये जेमतेम चाळीस वेळा बॅटिंगला आलेला माणूस ऑक्टोबरच्या वर्ल्ड सिरीजसाठी राखून ठेवू नका. त्याची सरासरी खरी मानून खेळणं म्हणजे शुद्ध पळवाट.

पिचरची ओढाताण ही दुसरी मोठी चूक. १९६४ मध्ये फिलाडेल्फिया १२ गेम उरले असताना साडेसहा गेमने पुढे होती. त्यानंतर ती सलग १० हरली. त्या पडझडीत जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट यांना दोनच दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा उतरवलं गेलं आणि पेनंट सेंट लुईसने नेला. तरीही आघाडी घसरू लागली की आमच्याकडे लोक तेच करतात. मी शेवटच्या दहा दिवसांत पाचव्या पिचरलाही त्याची पाळी देतो. त्यात एखादा गेम जातो, पण बाकीच्या चौघांचे हात शाबूत राहतात.

आणि बॅटिंगची सरासरी जपायला कुणाला बसवू नका. १९४१ च्या शेवटच्या दिवशी बॉस्टनचा बॅटर टेड विल्यम्स .३९९५५ वर होता; न खेळता ती तीन आकड्यांत .४०० धरली गेली असती. तो डबलहेडरचे (एकाच दिवशी लागोपाठचे) दोन्ही गेम खेळला, आठात सहा हिट मारले आणि .४०६ वर थांबला. आमच्या लीगमध्ये शेवटच्या तीन दिवसांत धडधाकट खेळाडू बसवायचा असेल तर आदल्या रात्री कारण कळवावं लागतं.