नस दबली, गॅप पडला, झटका आला : मज्जासंस्थेबद्दल बोलताना या चुका टाळा

‘नस दबलीये माझी.’ फिजिओथेरपीच्या टेबलावर नीट बसायच्या आधीच हे वाक्य येतं. कुठली नस, असं विचारलं की एक काका पोटरीवरच्या निळ्या फुगलेल्या रेषा दाखवतात, एक मावशी मानेचा आखडलेला लगदा चिमटीत धरतात, आणि एखादा तरुण कमरेपासून पावलापर्यंत बोट ओढत नेतो. यात मज्जातंतूचं दुखणं एकट्या त्या तरुणाचं. काकांना व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांचा त्रास. मावशींचा स्नायू धरलाय.

शब्दच्छल म्हणून सोडून देता आलं असतं, पण काका सहा महिने शेजाऱ्याच्या सल्ल्याने ‘नसांची गोळी’ म्हणून बी-१२ घेत होते. शिरांतल्या झडपा सैल झाल्या असतील तर त्या बी-१२ने घट्ट होत नाहीत. त्यातून ‘मेंदूची नस फुटली’ म्हणतो तेव्हा ती नस शीरही नसते आणि मज्जातंतूही नसतो, बहुतेकदा धमनी असते. आणि रात्री पोटरीत गोळा येतो त्याला आपण ‘नसेवर नस चढली’ म्हणतो. मज्जातंतू कशावर चढत नाहीत. तो स्नायूचा पेटका असतो. गुडघा सरळ ठेवून पावलाचा पंजा हाताने आपल्याकडे ओढून धरला की सुटतो.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर ‘नस’ हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि काय वाटतं ते सांगा. मुंग्या, बधिरपणा, जळजळ, विजेसारखी चमक असेल तर विचार मज्जातंतूकडे जातो. संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, सुजतो, उशीवर ठेवला की बरं वाटतं, हे शिरांचं बोलणं. एका ठरावीक जागी दाबलं की कळ येते, ती बहुधा स्नायूची.

हा घोळ एकट्या मराठीचा नाही, हे आपलं बरं. ग्रीक भाषेत ‘न्यूरॉन’ म्हणजे मुळात स्नायुबंध, धनुष्याची दोरीसुद्धा. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्राटस यांनी शवविच्छेदन करून मज्जातंतू वेगळे ओळखले, तरी नाव जुनंच चिकटून राहिलं. गंमत म्हणजे आपला ‘स्नायू’ आणि त्यांचा ‘न्यूरॉन’ भाषाशास्त्रानुसार एकाच मुळाचे. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू मोजलेत ते बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांसारखे. मांसपेशी तिथे वेगळ्या, ५००. मराठीत पुढे स्नायू म्हणजे मांसपेशी झाली आणि बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू! हिंदीतही ‘स्नायु’ पुष्कळदा त्याच अर्थाने येतो. तेव्हा हिंदी माहितीपत्रकात ‘स्नायु रोग’ वाचून स्नायू बळकट करायचे व्यायाम सुरू करू नका.

मज्जा कुठली?

सगळ्यात जास्त भीती या शब्दाने पसरवली आहे. मज्जा म्हणजे हाडाच्या आतला मगज, आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी एक. त्या मगजात रक्तपेशी तयार होतात. मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था या शब्दांतली मज्जा मात्र त्या मगजाशी काही संबंध नसलेली. शाळेच्या पुस्तकांनी मज्जातंतूला चेता, मज्जारज्जूला मेरुरज्जू, तसेच चेतासंस्था, चेतापेशी असे शब्द घेतले ते मला शहाणपणाचे वाटतात, पण बोलण्यात अजून मज्जाच आहे. इंग्रजी रिपोर्टही आपल्याला वाचवत नाही. ग्रीक ‘मायेलॉस’ म्हणजेही मगज, म्हणून ‘मायेलायटिस’ हा बहुतेकदा मेरुरज्जूचा दाह आणि ‘मायेलोमा’ हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग. ‘मायेलोपॅथी’ मेरुरज्जूची, तर एका अक्षराने चुकवणारी ‘मायोपॅथी’ स्नायूंची. नर्सिंगच्या आणि फिजिओच्या मुलांनी हे चार शब्द भिंतीवर लिहून ठेवावेत.

याच गोंधळातून दोन तपासण्या एक होतात. बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मज्जेची, तपासणी बहुधा कमरेच्या मागच्या हाडातून होते. ‘पाठीतलं पाणी’ काढतात ते मेंदूभोवतीचं आणि मेरुरज्जूभोवतीचं द्रव. नातेवाईक दोन्हींना ‘पाठीत सुई’ म्हणतात आणि विचारतात, माणूस लुळा पडेल का? मोठ्या माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, सहसा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये घालतात. तिथे रज्जू नसतो, द्रवात तरंगणारी चेतांची मुळं असतात, घोड्याच्या शेपटीसारखी. ‘कॉडा इक्विना’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच. सुई आली की ती मुळं बहुधा बाजूला सरकतात. द्रव एकावेळी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने बनवतं. म्हणजे काढलेलं दहा-पंधरा मिलिलिटर तासाभरात भरून येतं. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, उठून बसल्यावर जास्त. ते डॉक्टरांना जरूर सांगा.

‘मणक्यात गॅप’

हा शब्द कोणी रूढ केला कोण जाणे, अर्थ उलटा आहे. एक्स-रेवर दिसतं ते मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं, कारण मधली गादी झिजून चपटी झालेली असते. गॅप पडलेला नसतो, होता तो घटलेला असतो. पेशंट मात्र मणके सुटे झाले या समजुतीने वाकायचंच सोडतो आणि पट्टा बांधून फिरतो, पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात. ‘गादी सरकली’ हेही अर्धवट. गादी साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला गर बाहेर डोकावतो. तो चेतेच्या मुळाला लागला तर पायात कळ जाते, तिला सायटिका म्हणतात. सायटिका हे लक्षण आहे, त्यामागचा आजार वेगळा शोधावा लागतो.

विद्यार्थ्यांची ठरलेली चूक इथलीच. मानेचे मणके ७, पण मानेच्या मेरुचेतांच्या जोड्या ८. पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्याच्या खालून, आणि तिथून पुढे सगळ्या आपल्या मणक्याच्या खालून. एकूण ३१ जोड्या. तरीही कमरेत चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगली तर सहसा दबते पाचवी चेता, कारण चौथी त्याआधीच वरच्या बाजूने बाहेर पडलेली असते.

कंबरदुखीसोबत बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर मात्र शेक-मालिश काही नको. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

कोणतं बोट?

हाताला मुंग्या आल्या की घरचं निदान तयार असतं : मानेचा त्रास. आधी बोटं मोजा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, करंगळी मोकळी, रात्री झोपमोड होते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर दाब बहुधा मनगटातल्या बोगद्यात आहे. गरोदर बायका आणि थायरॉइड किंवा मधुमेह असलेल्यांत हे नेहमीचं. करंगळीला मुंग्या असतील तर कोपर तपासतात. दाराला कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती हीच चेता. दोन्ही पावलं मोजे घातल्यासारखी बधिर असतील तर साखर तपासा.

आणि ‘बधिर’ कशाला म्हणताय तेही पाहा. स्पर्श कळत नाही, की चप्पल पायातून निसटते? पहिली तक्रार संवेदनेची, दुसरी ताकदीची. रिपोर्टमध्ये ‘पॅरेसिस’ म्हणजे ताकद कमी, ‘प्लेजिया’ म्हणजे ती गेलेलीच.

लकवा आणि झटका

तोंड वाकडं झालं की लकवा, हात-पाय गेला तरी लकवा. पहिल्यात पुष्कळदा फक्त चेहऱ्याची सातवी चेता सुजलेली असते. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाच्या नावाने तो आजार ओळखतात. डॉक्टर भुवया उंचवायला सांगतात ते यासाठीच. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, म्हणून मेंदूच्या झटक्यात आठ्या सहसा शाबूत राहतात आणि सातवी चेता गेली की त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत होतं. पण ही परीक्षा डॉक्टरांची. घरी आरशासमोर करून ‘हा साधा लकवा’ ठरवू नका आणि झाडपाल्याच्या शोधात दुसऱ्या गावाला तर मुळीच जाऊ नका. मेंदूचा झटका असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणांच्या सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. वाटेत पाणी पाजू नका, घरातली ऍस्पिरिनही देऊ नका.

१०८ला फोन करतानाही ‘झटका आलाय’ एवढंच सांगितलं जातं. आपल्याकडे हार्ट अटॅकही झटका, फिटही झटका, ब्रेन स्ट्रोकही झटका. त्यापेक्षा दिसेल ते सांगा : छातीत दुखतंय, अंग आखडून हातपाय झाडतोय, की उजवा हात उचलत नाही आणि बोलणं अडखळतंय. फिट असेल तर कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा काही नको. स्ट्रोक वाटत असेल तर आणखी एक उत्तर तयार ठेवा, कारण कॅज्युअल्टीत सगळ्यात आधी तेच विचारतात : माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? ‘सकाळी उठला तेव्हाच असा होता’ असं असेल तर रात्री झोपायला गेल्याची वेळ सांगायची, उठल्याची नाही.