कळलावी लावताय? मग या चुका टाळा

ऑक्टोबर सरत आला की कुणाचा ना कुणाचा फोटो येतोच. कुंडीतली कळलावी पिवळी पडलेली, पानांची टोकं करपलेली, खोड वाळक्या गवतासारखं झालेलं. खाली प्रश्न: "रोज न चुकता पाणी घालतोय, तरी वाळतेय. काय चुकलं?" जे चुकलं ते त्या प्रश्नातच असतं. वेल मरायला टेकलेली नसते, झोपायला निघालेली असते. रोजच्या पाण्यानं मात्र ती खरोखर मरते. माझे पहिले दोन कंद मी असेच कुजवले, म्हणून हे इतक्या कळकळीनं लिहितोय.

कळलावीचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी अशी तिला कितीतरी नावं आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, करवंदीच्या जाळीत, शेताच्या कुंपणावर ती चढलेली दिसते. तमिळनाडूचं ते राज्यफूल, तिकडे आफ्रिकेत झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. जमिनीवरची वेल जेमतेम चार-पाच महिन्यांची पाहुणी असते. वर्षानुवर्षं टिकतं ते जमिनीखाली, आणि तिथेही तोच कंद टिकत नाही. जुना कंद वेलीला वाढवता वाढवता संपतो, त्याच्या जागी नवा तयार होतो. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

विषाकडे काणाडोळा

फुलाच्या मोहात ही गोष्ट मागे पडते, म्हणून आधी हेच. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बिया सर्वांत जास्त. तिच्यातलं कोल्चिसिन हे विष पेशींचं विभाजन थांबवतं, त्यामुळे जिथे पेशी भराभर तयार होतात त्या आतड्यांना आणि अस्थिमज्जेला आधी फटका बसतो. गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर डॉक्टर हेच द्रव्य अगदी मोजूनमापून देतात. कंदाच्या तुकड्यात ते किती आहे हे मोजायला आपल्याकडे काहीच साधन नसतं. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून तिचं नाव कळलावी पडलं, पण त्या नावाच्या भरवशावर कुणीही घरी काही करून पाहू नये. कुणाच्या पोटात गेलीच, तर उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागू शकतात. तेवढा वेळ वाट बघत बसू नका. वेलीचा तुकडा पिशवीत घालून सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

घरात रांगतं मूल असेल किंवा माती उकरणारा कुत्रा असेल, तर माझं स्पष्ट मत आहे, सध्या लावू नका. दोन-चार वर्षं थांबलात तर काही बिघडत नाही. लावलीत तर कंद हाताळताना हातमोजे घाला, आणि काढून ठेवलेला कंद स्वयंपाकघराच्या आसपासही नको. रताळं समजून हा कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. कुंडीला "विषारी कंद" अशी ठळक पाटी लावा. नावांचाही घोळ आहे. काही ठिकाणी हिलाच बचनाग म्हणतात, आणि हिमालयातल्या एका अगदी वेगळ्या वनस्पतीलाही बचनागच म्हणतात. दोन्ही विषारीच, पण विषं वेगळी. म्हणून डॉक्टरांना सांगताना नुसत्या नावावर थांबू नका, वेल दाखवा.

रानातून उपटून आणणं

श्रावणात डोंगरावर गेल्यावर फूल दिसतं, हात शिवशिवतात, आणि वेल ओढली जाते. हातात येतो फक्त खोडाचा तुकडा. कंद खोलवर, दगडांच्या बेचक्यात अडकलेला असतो. कुदळीनं काढला तरी तो अर्धवट मोडतो, आणि ऐन फुलोऱ्यात मुळं तुटल्यावर सहसा जगत नाही. औषधासाठी या कंदांची आधीच भरपूर खोदाई होते, त्यात आपली भर कशाला? झोपेतला कंद रोपवाटिकेतून घ्या, किंवा ज्याच्याकडे वेल आहे त्याच्याकडून उन्हाळ्यात मागून आणा. बियांपासूनही येते, पण मन घट्ट हवं. बी रुजायला आठवडे नाही तर महिने लागतात. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं इवलंसं रोप दिसतं, आणि फूल बघायला तीन-चार पावसाळे जातात.

कंदाचा डोळा मोडणं

एकदा कंद हातात घेऊन नीट निरखा. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन बोटं असतात, नांगराच्या फाळासारखी वाकलेली. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यावरूनच. बोटांवर पातळ तपकिरी साल, आत पांढराशुभ्र गर. आता टोकं बघा. प्रत्येक बोटाच्या शेंड्याला फिकट रंगाचा एक टोकदार उंचवटा दिसेल. तोच डोळा. बटाट्याला अंगभर डोळे असतात, एक गेला तर दुसरा फुटतो. इथे तसं नाही. एका बोटाला बहुधा एकच डोळा, तोही अगदी टोकाला. धक्का लागून तो गेला की ते बोट लावून काही उपयोग नाही. कंद पोत्यात टाकून आणणं, पिशवीत चार कंद एकमेकांवर आपटू देणं, बोटानं डोळा चाचपून बघणं, सगळं नुकसान इथेच होतं. मी कंद भुशात ठेवून आणतो आणि टोकाला हात लावत नाही.

दोन बोटं मधून तोडून दोन वेली करता येतात, पण दोन्ही डोळे शाबूत असतील तरच. तोडलेल्या जागी राख किंवा बुरशीनाशक लावून दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. हौशीनं तोडू नका. बोट जितकं भरदार, तितकी वेल जोमदार.

लावताना कंद आडवा ठेवायचा, वर दोन-अडीच इंच माती. उभा खोचलात तर एक डोळा तळाशी जातो आणि कोंबाला विनाकारण वळसा घ्यावा लागतो. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हा लावायचा काळ. कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. मुळं फुटलेली नसताना ओतलेलं पाणी पिणार कोण?

उथळ कुंडी, चिकट माती

बारा इंच खोल कुंडी हवीच. हंगामाच्या शेवटी नवे कंद मला नेहमी तळाशी सापडतात. उथळ कुंडीत त्यांची बोटं तळाला टेकून वाकडी होतात. काळी चिकट माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, आणि कंद कुजायला तेवढं पुरतं. मी दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत घेतो. मिश्रण ठरलेलंच हवं असं नाही, पण कुंडीत ओतलेलं पाणी मिनिटाभरात खालून बाहेर पडलं पाहिजे. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर पावसाळ्यात ती काढा.

जाड काठीचा आधार

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ही चूक फार जण करतात आणि तिच्यापायी ऐन बहरातली वेल मोडते. कळलावीला वेगळे ताणे नसतात. पानाचं टोकच निमुळतं होत जातं आणि शेवटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वळतं. कोवळ्या पानाचं टोक सकाळी सुतळीला टेकवून बघा, थोड्याच वेळात त्यानं सुतळीला विळखा घातलेला असतो. पण हा विळखा लहान. बोटाएवढ्या जाड बांबूभोवती तो पुरत नाही, पानं नुसती घसरत राहतात, आणि जोराच्या वाऱ्याच्या एका रात्री पाच-सहा फुटांची वेल आडवी होते. पेन्सिलीपेक्षा बारीक आधार हवा: सुतळी, तारेची जाळी, किंवा मला सर्वांत आवडतात त्या वाळक्या फांटेदार काटक्या. रानात ती करवंदीच्या जाळीत का चढते ते यावरून कळतं. जिकडे टोक जाईल तिकडे धरायला काहीतरी बारीक मिळतंच.

आधार कंद लावतानाच रोवा. नंतर काठी खुपसलीत तर ती कंदात घुसायची भीती. वेल सुतळीनं आवळूनही बांधू नका. खोड आतून ठिसूळ असतं, थोडं वळवलं तरी कट्‌कन तुटतं. जमिनीलगत कोंब तुटला तर त्या बोटातून त्या वर्षी बहुधा दुसरा फुटत नाही. म्हणूनच कोंब बाहेर पडतो त्या दिवसांत कुंडी हलवू नका, तण काढायची घाई नको.

फुलं येत नाहीत, किंवा फुलं येऊन बी धरत नाही

फुलं न येण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच: कंद अजून लहान आहे, सावली जास्त आहे, किंवा नत्र जास्त झालं आहे. युरिया घातलेली वेल हिरवीगार होते आणि नुसती पानंच काढते. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी थोडी सावली तिला मानवते, बुंधा सावलीत आणि शेंडा उन्हात असेल तर उत्तम.

बी न धरण्याचं कारण फुलाच्या घडणीत आहे. कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळून वर जातात, आधी हिरवट पिवळ्या, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाकडे लाल, आणि शेवटी सगळं फूल तांबडं. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरतात. स्त्रीकेसराची दांडी मात्र बुडाशी काटकोनात वळून एका बाजूला बाहेर निघते, परागकोशांपासून लांब. फुलपाखरांनी किंवा शिंजिरांनी पराग पोचवला नाही तर फळ धरत नाही. मऊ ब्रशानं सकाळी पराग उचलून शेजारच्या फुलाच्या दांडीच्या टोकाला लावा. पण कंद भरदार हवा असेल तर फळं एक-दोनच ठेवा. ती तडकायच्या आत काढा, कारण आतल्या लालभडक बिया मुलांना हमखास भुलवतात.

पानं एका रात्रीत फस्त झाली तर शेंडे तपासा. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके असलेल्या अळ्या दिसतील. आपल्याला जी पानं विष, ती यांचं रोजचं जेवण. हातमोजे घालून वेचा, फवारणीची गरज क्वचितच पडते. झडीच्या पावसात पानांवर तपकिरी डाग आले तर ती बुरशी. ती पानं काढून टाका आणि संध्याकाळी वेलीवर पाणी मारणं थांबवा.

झोपेत पाणी घालणं

आता तो ऑक्टोबरचा फोटो. पानं पिवळी पडू लागली की पाणी निम्म्यावर आणा, खोड वाळलं की पूर्ण बंद करा. हिरवं खोड छाटू नका. पानांतलं उरलंसुरलं सत्त्व त्या दिवसांत कंदात उतरत असतं. पूर्ण वाळल्यावर वेल हलकेच ओढली तर आपसूक सुटून येते. मग कुंडी छपराखाली, कोरड्या जागी सरकवा. अवकाळी पावसाची एक सर भिजवून गेली तर घाबरू नका, पण कुंडी लगेच वाऱ्यावर ठेवा. कंद काढून कोरड्या वाळूत ठेवणारेही आहेत. मी काढत नाही, प्रत्येक काढणीत एखादा डोळा जातोच. मात्र पाटी ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी रिकामी कुंडी समजून तिच्यात मिरची लावतं.

जून अर्धा सरला आणि कोंब नाही, तर बोटं खुपसून शोधू नका. कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर घ्या आणि कडेनं माती झाडत जा. कागदासारखा पोकळ, सुरकुतलेला कंद सापडला तर तो गेल्या वर्षीचा संपलेला कंद असतो. तो दिसला म्हणून निराश होऊन सगळं फेकू नका, शेजारीच नवा असतो. नवा कंद हाताला टणक आणि जड लागला तर जिवंत आहे. टोकाचा डोळा शाबूत असेल तर तसाच परत लावा आणि आणखी महिनाभर द्या. मऊ पडलेला, आंबूस वास येणारा कंद मात्र मातीसकट काढा आणि ती माती दुसऱ्या कुठल्याही कंदाला वापरू नका. क्वचित एखादा टणक कंद अख्खा हंगाम न उगवता तसाच पडून राहतो आणि पुढच्या जूनमध्ये कोंब काढतो. माझ्याकडे एक असा होता. त्या वर्षी तो सर्वांत उंच चढला.