केमो सुरू असताना पाहुणे, सण आणि घरातला वावर: या चुका टाळा

कॅन्सरची केमो घेऊन, दवाखान्यातून सुट्टी होऊन माणूस घरी आला की दुसऱ्या दिवसापासून ओसरी भरू लागते. सोयरे येतात, भावकी येते, लेकीच्या सासरचे गाडी करून येतात. आपल्याकडे बिमार माणसाला पाहायला न जाणं म्हणजे नातं तोडल्यासारखंच. म्हणून येऊच नका म्हणणं जमत नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. चूक येण्यात नसते, दिवस निवडण्यात असते. येणारा रविवार पाहतो, बाजाराचा दिवस पाहतो, एसटीची वेळ पाहतो. केमो कधी झाली, हे विचारत नाही.

भेटीचा दिवस केमोच्या तारखेवरून ठरवा

बऱ्याच केमो दर २१ दिवसांनी असतात. सलाईन लागली तो पहिला दिवस धरा. पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि थकवा असतो, तेव्हा कोणाशी बोलायची इच्छा नसते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. गंमत अशी की या दिवसांत उलटी थांबलेली असते, माणूस उठून बसलेला असतो, चहा मागतो. घरच्यांना वाटतं, आता बरं आहे, बोलवा सगळ्यांना. खरा धोका नेमका याच आठवड्यात असतो. पंधराव्या दिवसानंतर पेशी वर येऊ लागतात. भेटी, देवदर्शन, जवळचं लग्न यातलं जे काही करायचं ते तिसऱ्या आठवड्यात ठेवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोच्या तारखेला गोल करा आणि सात ते चौदा हे दिवस लाल रेघेनं जोडा. पुढच्या सगळ्या केमोच्या तारखा आधीच टाकल्या तर पोळा, दिवाळी, भाच्याचं लग्न लाल रेघेत येतं की बाहेर, हे दोन महिने आधी कळतं. दर आठवड्याची केमो असेल किंवा रोजच्या गोळ्या असतील तर हे गणित बदलतं. मग पेशी कधी खाली जातील, हे डॉक्टरांना विचारून त्यांच्याच पेनानं तारखा टाकून घ्या.

पाहुण्यांना सांगायचं कसं, हा मोठा प्रश्न. "डॉक्टरनं या आठवड्यात भेटी बंद केल्या हायेत जी, वीस तारखेनंतर या" एवढं पुरतं. पुढची तारीख दिली की नकार बोचत नाही. मात्र हा निरोप घरातल्या वडीलधाऱ्यानं द्यावा. सुनेनं दिला तर "सून भेटू देत नाही" ही गोष्ट आधी गावभर होते आणि मग तीच सून पुढच्या वेळी कोणालाच अडवत नाही.

आलेल्यांना आतल्या खोलीत नेऊ नका. ओसरीत किंवा खिडकी उघडी असलेल्या जागी बसवा. एका वेळी दोघं, पंधरा-वीस मिनिटं. दाराशी बादली, मग आणि साबण ठेवा. साबणानं २० सेकंद हात धुऊनच पुढे यायचं. पायाला हात लावणं, गळ्यात पडून रडणं, घास भरवणं हे बाजूला ठेवा, नमस्कार लांबून होतो. सर्दी, खोकला, ताप, हगवण, डोळे आलेले असतील त्यांनी फोनवर बोलावं. कांजिण्या किंवा नागीण झालेल्यांनी तर खपल्या पूर्ण वाळेपर्यंत येऊच नये. असं कोणी येऊन गेल्याचं नंतर कळलं तर पुरळ उठायची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. वेळेत कळवलं तर त्यावर औषध देता येतं.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या लसी थांबवू नका, फक्त पोलिओचा तोंडी डोस द्यायच्या आधी घरात केमो चालू असल्याचं डॉक्टरांना सांगा. पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या तोंडी डोसानंतर काही आठवड्यांपर्यंत बाळाच्या शीतून जिवंत विषाणू बाहेर पडतात. म्हणून लंगोट बदलायचं काम रुग्णानं करायचं नाही आणि जो करेल त्यानं नीट हात धुवायचे.

ताट वेगळं कोणासाठी?

कॅन्सर जेवणातून, स्पर्शातून, एका खाटेवर बसल्यानं पसरत नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशननं माणूस किरणं सोडत नाही, नातू मांडीवर बसला तरी काही होत नाही. थायरॉईडसाठी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन दिलं असेल तर मात्र दवाखाना सांगेल तितके दिवस मुलं आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवावं लागतं.

तरीही पेला वेगळा ठेवण्यात अर्थ आहे. रुग्णापासून आपल्याला काही होऊ नये म्हणून नव्हे, आपल्या तोंडातलं रुग्णाला लागू नये म्हणून. सगळ्यांचा एक लोटा, उष्टा चहा, एकाच परातीतलं जेवण लाल रेघेत नको. हे कारण रुग्णाला स्पष्ट सांगा. न सांगता ताट बाजूला केलं तर माणूस अर्धा तिथेच खचतो.

एका गोष्टीत मात्र घरच्यांनी स्वतःला जपायचं. केमोनंतर पहिले ४८ तास लघवी, शी आणि उलटीतून औषध बाहेर पडत असतं. संडासात नेहमीपेक्षा दुप्पट पाणी टाका. उलटीचं घमेलं किंवा माखलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. घरातल्या गरोदर बाईला हे काम देऊ नका.

ताप: इथे चूक महागात पडते

केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस ताप ही तातडीची वेळ आहे. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल पेशी १००० च्या खाली, त्यातही ५०० च्या खाली असतील तर साधा जंतू काही तासांत रक्तात पसरतो. घरोघरी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत.

पहिली, कपाळाला हात लावून ताप ठरवणं. डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. चहा-पाणी घेतल्यावर वीस मिनिटं थांबून तोंडात मोजा. तोंड आलं असेल तर काखेत मोजा, पण काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो हे ध्यानात ठेवा. गुदद्वारात कधीच मोजू नका. ताप नसला तरी हुडहुडी भरली, धाप लागली किंवा माणूस बरळू लागला तर तेही तापाइतकंच गंभीर समजा. म्हाताऱ्यांत आणि केमोसोबत स्टेरॉइड घेतलेल्यांत ताप चढेलच असं नसतं.

दुसरी, आधी पॅरासिटामॉल देणं. गोळीनं आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात आणि चार-सहा तास हातचे जातात. तिसरी, "सकाळची पहिली गाडी पकडू" म्हणणं. रात्री दोनला ताप आला तर रात्री दोनलाच निघायचं, १०८ ला फोन करायचा.

चौथी चूक आपल्याकडे फार होते. गावातल्या डॉक्टरकडून ताकदीची सलाईन आणि कमरेत सुई. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, ५०,००० च्या खाली असतील तर कमरेतल्या सुईनं आत रक्त साकळतं. नेहमीचं प्रमाण दीड ते साडेचार लाख असतं, आणि किती आहेत हे शेवटच्या रक्ततपासणीचा कागद पाहिल्याशिवाय कोणालाच कळत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिनची गोळीही याच कारणानं नको.

मग करायचं काय? आधी उपचार चालू असलेल्या दवाखान्यात फोन करा. भामरागड किंवा धारणीकडून नागपूर गाठायला कित्येक तास लागतात. म्हणून पहिला अँटिबायोटिकचा डोस जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात शिरेतून घ्या आणि मग पुढे निघा. पोहोचल्यापासून तासाच्या आत तो डोस जायला हवा. खिडकीवर "ताप आहे" एवढंच म्हणू नका, नाहीतर तापाच्या रांगेत बसावं लागतं. पहिलं वाक्य असं असावं: "कॅन्सरची केमो चालू आहे, शेवटची केमो अमुक तारखेला झाली, ताप १०१ आहे." आणि फाईल पुढे करा. फाईल कपाटात कुलपात ठेवू नका, दाराजवळच्या खुंटीला पिशवीत टांगा. त्यात डिस्चार्ज कार्ड, केमोच्या औषधांची नावं, शेवटची रक्ततपासणी, आधार, रेशनकार्ड आणि उपचाराच्या सरकारी योजनेचं कार्ड असावं.

पेशी वाढवायची सुई

फिलग्रॅस्टिमची, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवायची, सुई घरी नेऊन टोचायला दिली असेल तर दोन चुका होतात. एक, सुई २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. गावात वीज जाते म्हणून लोक ती फ्रिजरमध्ये ठेवतात किंवा बर्फात बुडवतात. गोठलेली सुई वाया जाते. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. प्रवासात तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये तळाला बर्फ, त्यावर जाड फडकं आणि वर डबीतली सुई, बर्फाला न टेकता. दुसरी चूक, "एकदाच टोचून टाका" म्हणत केमोच्याच दिवशी घेणं. केमो संपल्यावर २४ तास झाल्याशिवाय ती घ्यायची नसते.

पथ्याच्या नावाखाली उपासमार

पाहुणे फळांसोबत सल्लेही आणतात: साखर बंद करा, दूध बंद करा, भात नको, अंडं उष्ण पडतं. महिन्याभरात रुग्ण वरणाच्या पाण्यावर आणि पेजेवर येतो. गोड खाल्ल्यानं गाठ वाढते, असं नाही. मधुमेह असेल तर साखरेचा विचार वेगळा. खाणं कमी पडून वजन उतरलं की पुढची केमो लांबते किंवा डोस कमी करावा लागतो, हे मात्र खरं आहे.

५० किलोच्या माणसाला या काळात दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन उकडलेली अंडी १२, दोन पेले दूध १३, दोन वाट्या घट्ट वरण १३, तीन ज्वारीच्या भाकरी १८ आणि मूठभर भाजलेले फल्लीदाणे ७. झाले ६० च्या वर. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम सोयाबीन वडी तेवढंच काम करते. किडनीचा त्रास असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. एका बैठकीत जात नसेल तर दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या. उपकेंद्रातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा. महिन्यात अडीच किलो उतरलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

संत्रं, केळी उत्तम, पण सोलायच्या आधी साल धुवा. सालीवरची माती बोटांनी फोडीला लागते. कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, कच्ची मोड आलेली मटकी नको. पंचामृतात कच्चं दूध असतं, प्रसाद म्हणून खडीसाखर घ्या. मन दुखत नाही, पोटही नाही. प्लेटलेट्ससाठी पपईच्या पानांचा रस हमखास सुचवला जातो. केमोत प्लेटलेट्स घटतात त्या हाडातल्या मज्जेत तयारच होत नाहीत म्हणून. तिथे कच्च्या, न उकळलेल्या रसातून जंतू जायची भीती जास्त. वैदूची पुडी, गुळवेलीचा काढा, भस्म यातलं काही चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्यातल्या काहींचा लिव्हरवर भार पडतो आणि दोष केमोच्या माथी जातो.

तोंड आलं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या करा. हे पाणी रोज ताजं करा. कडुनिंबाची काडी बाजूला ठेवून मऊ ब्रश घ्या.

गोठा, कुटार, शेत

शेणाचा सडा, सारवण, गोठा झाडणं, कुटार म्हणजे जनावरांचा भुसा उपसणं, बुरशी लागलेलं धान्य पाखडणं ही कामं केमो संपेपर्यंत दुसऱ्याकडे. कुटाराच्या धुळीतली बुरशी धडधाकट माणसाला शिंकेपुरती, पेशी खाली असलेल्याला थेट फुप्फुसात. फवारणीच्या दिवशी शेतात जाऊ नये. कूलरचं पाणी रोज बदला. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा तहानेची वाट न पाहता पाणी द्या, सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध चालू असेल तर जास्तच, कारण त्या औषधाचा भार किडनीवर असतो.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातात घट्ट बांगड्या, बीपीचा पट्टा, सुई नको. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोचतात आणि त्या ओरखड्यातून हात सुजतो. त्या हातात पूर्ण बाहीचा सदरा आणि मोजा हवाच.

रेडिएशनमधली सुट्टी

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. पोळ्याला तीन दिवस, तेरवीला दोन दिवस अशी सुट्टी घेतली तर मधल्या काळात कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढतात आणि आधीच्या दिवसांची मेहनत पातळ होते. गावाहून रोज ये-जा करण्यापेक्षा दवाखान्याजवळ राहण्याची सोय आधी बघा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत १०० टक्के आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा ठरावीक फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यावा लागतो. कातडीवर काढलेल्या खुणा घासून पुसू नका. त्या जागी हळद, तेल, बर्फ काही लावू नका, सैल सुती कपडा घाला.

तोंडाच्या रेडिएशननंतर जबडा आखडतो. आइसक्रीमच्या काड्यांची चळत दातांत सहज बसेल तेवढी धरून दिवसातून चार-पाच वेळा व्यायाम करायचा आणि डॉक्टर सांगतील तशी काडी वाढवायची. काड्यांचा आकडा रोज कॅलेंडरवर लिहा. तो घटू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. आणि त्याच ओसरीत बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या पाहुण्याला पन्नी खिशात ठेवायला सांगायची. तो मोठा जावई असला तरी.