शटर ओढलं, सह्या राहिल्या: धंदा बंद पडल्यावर या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एक फॅब्रिकेशनवाले माझ्याकडे आले. वर्कशॉप बंद होऊन सात महिने झाले होते. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत न फोडलेली पाकिटं. काही रजिस्टर एडीची, काही स्पीड पोस्टची, काहींवर बँकेचा शिक्का. "फोडून काय करू साहेब, द्यायला पैसेच नाहीत." टेबलावर बसून आम्ही एकेक फोडत गेलो. एकात चेक बाउन्सची नोटीस होती, तिची मुदत उलटून गेली होती. दुसऱ्यात राहत्या घरावरची, बँकेची ६० दिवसांची नोटीस. तिचे नऊ दिवस शिल्लक होते.

मी छोट्या धंद्यांची जीएसटी-आयकराची कामं बघतो. धंदा बुडालेली माणसं समोरच्या खुर्चीत बसतात तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: तोट्यानं झालं नसेल इतकं नुकसान नंतरच्या गप्प बसण्यानं होतं.

पाकीट न फोडणं

चेक परत आला की समोरचा ३० दिवसांत नोटीस पाठवतो. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली तर चेक बाउन्सचा, म्हणजे कलम १३८ चा, खटला उभाच राहत नाही. नाही दिली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पत्ता बरोबर असेल तर पोस्टमनला परत पाठवलेलं पाकीटही कोर्ट मिळालं असंच धरतं. मुदत चुकली असेल तरी हातपाय गाळू नका; खटला सुरू झाल्यावरही तडजोड करता येते.

बँकेचं खातं ९० दिवसांहून जास्त थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस निघू शकते. या काळात लेखी हरकत घेता येते, आणि बँकेला १५ दिवसांत तिचं कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. ताब्याची कारवाई झाली तरी ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही.

पतसंस्थेची तऱ्हा वेगळी. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला निघतो आणि दिवाणी कोर्टात न जाता वसुली अधिकारी जप्तीला येतो. म्हणून १०१ च्या सुनावणीला हजर राहाच. व्याजाचा हिशेब चुकला असेल तर तो सांगायची जागा तीच.

'देणं धंद्याचं होतं, माझं नाही' असं समजणं

दुकानाचं नाव वेगळं, बोर्ड वेगळा, करंट खातं वेगळं; तरी प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्यात, कायद्याला तुम्ही आणि दुकान एकच दिसता. भागीदारीत प्रत्येक भागीदार पूर्ण देण्याला बांधलेला असतो. "माझा हिस्सा २५ टक्के, मी तेवढंच देणार" हे आपसात ठीक, बाहेर ज्याचं देणं आहे त्याला ते लागू नाही. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये जबाबदारी मर्यादित असते खरी, पण कर्ज घेताना बँकेनं संचालकांची वैयक्तिक हमी बहुतेक वेळा घेतलेली असते. ती सही शोधा.

आणि बायकोची, भावाची, मित्राची सहीही शोधा. बायकोनं सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर नवऱ्याच्या धंद्याचं देणं तिच्यावर येत नाही. केली असेल तर येतं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं तो साधारणपणे म्हणू शकत नाही. मी पाहिलेली सर्वांत दुखरी भांडणं याच जागेवरची आहेत. जामीनदाराला पहिली बातमी पगारकपातीच्या कागदातून कळू देऊ नका. तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा, आकडा सांगा, पुढची तारीख सांगा.

तोंडी भागीदारी सोडणं

"मी दोन वर्षांपूर्वीच बाहेर पडलो" एवढं पुरत नाही. निवृत्तीची जाहीर सूचना होईपर्यंत भागीदार म्हणून व्यवहारांची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नोंदणीकृत फर्मसाठी फर्म निबंधकाला कळवणं, राजपत्र आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी, हे सगळं लागतं. जीएसटी खात्याला निवृत्तीपासून महिनाभरात वेगळं कळवावं लागतं.

मशीन भंगारात, घर बायकोच्या नावावर

बँकेकडे तारण असलेलं मशीन परवानगीशिवाय विकलं, तर साध्या थकबाकीचं प्रकरण फौजदारी होऊ शकतं. मॅनेजरला लेखी कळवा, गिऱ्हाईक आणा, पैसे थेट कर्जखात्यात जमा होऊ द्या. घाईघाईनं केलेलं बक्षीसपत्रही टिकत नाही. ज्यांचं देणं आहे त्यांना चकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं, आणि 'नियत खराब' हा शिक्का बसला की समेटाची दारं बंद होतात.

हप्ता भरायला सावकार गाठणं

इथे मी हात जोडून सांगतो: नका जाऊ. कोरे चेक, कोरा स्टँप, वर जमिनीचं खरेदीखत, असं करत घर जातं. गेला असाल तर हे माहीत असू द्या, की महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करायची. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याचा आदेशही तिथून निघू शकतो.

थोडे पैसे हातात असतील तर कामगारांचा पगार आणि त्यातून कापलेला पीएफ आधी भरा. कापून न भरलेल्या पीएफवर फौजदारी होते.

जीएसटी नंबर तसाच सोडणं

विक्री शून्य असली तरी रिटर्न चुकलं की विलंब शुल्क लागतं. नोंदणी रद्द करायचा अर्ज द्या आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम रिटर्न, जीएसटीआर-१०, भरा. तोट्याच्या वर्षाचं आयकर रिटर्नही मुदतीत भरा. तसं केलं तरच धंद्याचा तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो.

तोंडी समेट

"साहेब म्हणाले, तीन लाखांत मिटवू." साहेबांची बदली होते. ओटीएसचं, म्हणजे ठरलेल्या रकमेत कर्ज मिटवण्याच्या समेटाचं, मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय रक्कम भरू नका. पूर्ण भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, घ्या, दिलेले कोरे चेक मागून घ्या, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा कमी झाला का ते स्वतः पाहा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सिबिलवर मात्र 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलं, अशी नोंद राहते.

एकट्यानं सोसणं

नुसतं देणं थकलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. दिवाणी हुकूमनाम्यातही ऐपत असून टाळाटाळ केली तरच अटकेचा प्रश्न येतो. बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही. वडिलांचं कर्ज मुलांवर येतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. रात्री झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील, तर घरात बोला आणि १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. मराठीत बोलता येतं.

फॅब्रिकेशनवाल्यांनी त्याच संध्याकाळी वहीच्या एका पानावर चार रकाने आखले: कुणाचं, किती, सही कुणाची, पुढची तारीख. सातव्या दिवशी हरकत बँकेत पोचली, पोच घेतली. बेंडिंग मशीन बँकेच्या परवानगीनं विकलं, उरलेल्याचा समेट हप्त्यांत झाला. सध्या ते दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करतात. परवा आले होते, हातात एकच पाकीट, फोडलेलं.