एअरबॅगची लाइट पेटलीय? स्कॅनर लावण्याआधीची तयारी

वही-पेन आधी काढा, स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) नंतर. कोड पुसण्याआधी उतरवून घेतले नाहीत की काय होतं, ते मी भोगलंय. लाइट गेली, मालक खूश होऊन गाडी घेऊन गेला, काही दिवसांत तीच लाइट घेऊन परत आला आणि माझ्याकडे आधीचं काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून पुन्हा: वही.

आता स्कॅनर. ब्लूटूथवाला स्वस्त डोंगल इथे चालत नाही. तो बहुतेक वेळा इंजिनाचे, म्हणजे पी-ने सुरू होणारे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड सहसा बी-ने सुरू होतात आणि एअरबॅगच्या स्वतंत्र मॉड्यूलमध्ये, म्हणजे कंट्रोल युनिटमध्ये, बसलेले असतात. तुमच्या स्कॅनरच्या मेन्यूत त्या कंपनीच्या, त्या मॉडेलच्या, त्या सालाच्या गाडीसाठी एसआरएस (म्हणजे एअरबॅगची यंत्रणा) दिसतं का, हे घरीच बघा. अपडेटही घरच्या वायफायवर उरकून घ्या. मॉड्यूलशी बोलणं होत नसेल तर लगेच मॉड्यूल गेलं म्हणू नका, आधी फ्युज बघा.

बॅटरी चार्ज हवी. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल त्याचाही कोड टाकतं आणि तुम्ही भलत्याच मागे लागता.

चावी ऑन करून मीटरकडे बघा. चांगल्या गाडीत लाइट काही सेकंद लागून विझते. अजिबात लागलीच नाही तर तोही दोषच. जुनी गाडी विकताना लाइट मुद्दाम मारून ठेवणारे लोक आहेत.

मग कोड वाचा आणि लिहा. अख्खा कोड, मागचे आकडे-अक्षरांसकट, आणि तो आत्ता हजर आहे की जुना साठवलेला आहे, हेही. स्क्रीनचा फोटो काढलात तरी चालेल, पण तो नंतर सापडेल अशा जागी ठेवा. काहीही हलवण्याआधी हे का? कारण चावी ऑन असताना एखादा कपलर (वायरी जोडणारा प्लग) निघाला की मॉड्यूल नवा कोड नोंदवतं. मग मूळचा कुठला आणि तुमच्या हातचा कुठला, हे कळत नाही. अधूनमधून येणारा दोष असेल तर पुसल्यावर तो तुमच्यासमोर येणारही नाही.

मालकाला विचारा: सीटकव्हर नवं घातलं का, गालिचा धुतला का, सीट काढली होती का? पुढच्या सीटखालचे पिवळे कपलर हे नेहमीचं दुखणं. सीट मागेपुढे सरकवून कोड बदलतो का बघा. साइड एअरबॅग सीटमध्येच असेल तर जाड सीटकव्हर मुळात नकोच, फुगायला वाट मिळत नाही. एअरबॅगच्या लाइटबरोबर हॉर्न किंवा स्टेअरिंगवरची बटणंही बंद असतील तर क्लॉक स्प्रिंगवर (स्टेअरिंग फिरतानाही त्यातल्या वायरींची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी) संशय घ्या.

मल्टीमीटर एअरबॅगला लावायचा नाही. ओहम बघायलाही नाही. मीटरचा बारीकसा करंटही उडवायला पुरू शकतो आणि ती बॅग तुमच्या तोंडापासून वीतभर असते. रेझिस्टन्स मॉड्यूल स्वतः मोजतं, तो बऱ्याच गाड्यांत स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दिसतो. बॅगच्या जागी लावून बघायला कंपनीने सांगितलेला डमी रेझिस्टर आणा.

पिवळ्या कपलरला हात लावण्याआधी चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून झालेला. कुठे दीड मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहूनही जास्त. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून मॉड्यूलमध्ये कपॅसिटर चार्ज धरून असतो. प्रीटेन्शनरलाही (अपघातात सीटबेल्ट झटकन आवळणारा भाग) हाच नियम, त्यातही स्फोटक आहे. काढलेली बॅग तोंड वर करून ठेवा, उचलताना तोंड अंगापासून लांब.

बाकीचं पटकन. जोडणी करून निगेटिव्ह लावा, चावी ऑन करताना बॅगेसमोर बसू नका. पुन्हा वाचा, वहीतल्या कोडशी ताडा (लिहिलेत ना?), मगच पुसा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चक्कर मारा. क्रॅश डेटाचा, म्हणजे अपघाताच्या नोंदीचा, कोड साध्या स्कॅनरने पुसला जात नाही, मॉड्यूल बदला.