फायटरची पिल्लं काढायची आहेत? आधी बरण्या मोजा

फायटर म्हणजे बेटा माशाची जोडी लावू का, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, घरात बरण्या किती आहेत? समोरच्याला वाटतं, बाई विषय टाळतेय. पण मासे अंडी घालतील का, ही काळजी तुमची नाहीच. ते घालतात. नर एकटा असला तरी पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधून तयार असतो. अडीच महिन्यांनी पिल्लांचं काय करायचं, ते मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं.

आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. दुसऱ्या खेपेला माझी ९१ पिल्लं वाचली आणि त्यात ४७ नर निघाले. एका वेळी शे-दोनशे अंडी सहज होतात, कधी चारशेसुद्धा. माद्या लहानपणापासून एकत्र वाढल्या तर बऱ्याचदा एकमेकींना सांभाळून घेतात. नर मात्र आठ-दहा आठवड्यांचे झाले की एकमेकांचे पंख फाडायला लागतात, आणि एकदा वेगळा काढलेला नर परत भावांत सोडता येत नाही. थायलंडमध्ये याला ‘प्ला कट’ म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ साली त्या देशाने याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, पण म्हणून त्याचा स्वभाव काही बदलला नाही.

तर ४७ नर, ४७ बरण्या. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडून मी दीड लिटरच्या प्लास्टिकच्या बरण्या जमवल्या होत्या. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं तर एका वेळी सत्तर लिटर पाणी, तेही आदल्या दिवशी भरून क्लोरीन उडालेलं. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी दीड तास. एका बरणीला दोन मिनिटं धरा, म्हणजे ओट्यापाशी दीड तास उभं राहणं आलं. बरणी ही फक्त मासा विकला किंवा दिला जाईपर्यंतची सोय आहे, कायमचं घर नव्हे. दहा बरण्यांसाठीसुद्धा जागा नसेल तर इथेच थांबा आणि एक देखणा नर वीस लिटरच्या टँकमध्ये झाडं लावून पाळा. त्यात कमीपणा काही नाही.

बरण्या जमल्या तर दुसरा प्रश्न: गणपतीला गावी जाता का?

हसू नका. ज्या दिवशी अंडी पडतात तिथून कॅलेंडर मोजायचं. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्लं घरट्याला शेपटी खाली करून लोंबकळतात. साधारण पाचव्या दिवशी आडवी पोहायला लागतात. तिथून महिनाभर दिवसातून तीन वेळा खाणं, आणि साठाव्या ते नव्वदाव्या दिवसात बरण्या. माझी ती दुसरी खेप जुलैच्या सुरुवातीची. बरण्या मांडायला आणि आमची कोकणात जायची तिकिटं हातात यायला एकच गाठ पडली. शेजारच्या काकूंना सगळं समजावून सांगितलं होतं, पण त्यांना माशांची दया आली. सात दिवस त्यांनी चिमूटभराच्या जागी चमचाभर खाणं घातलं. परत आले तेव्हा पाणी ताकासारखं झालेलं आणि १४ नर गेलेले. काकूंना काय बोलणार? तेव्हापासून मी जोडी दिवाळीनंतर किंवा मुलाची परीक्षा संपल्यावरच लावते, आणि पुढच्या तीन महिन्यांत घरात लग्नकार्य नाही ना, हे आधी विचारून घेते.

आता पिल्लांच्या खाण्याचं. खरी परीक्षा इथेच होते. पहिल्या खेपेला माझी सगळी पिल्लं सहाव्या-सातव्या दिवशी उपाशी मेली. सगळी म्हणजे सगळी. मी मोठ्या माशांचं खाणं खलबत्त्यात कुटून ठेवलं होतं आणि वर उकडलेल्या अंड्याचं पिवळं. पण फायटरची पिल्लं हलणाऱ्या जिवावरच तुटून पडतात. पाण्यावर पडलेल्या भुकटीकडे ती बघतही नाहीत, आणि अंड्याच्या पिवळ्याने पाणी तेवढं नासतं. पोहायला लागल्यावर पहिले दोन-चार दिवस इन्फ्युसोरिया द्यायचा, म्हणजे जुन्या टँकच्या पाण्यात वाळलेली पानं कुजवून तयार झालेले सूक्ष्मजीव. त्याच्या जोडीला मायक्रोवर्म, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जिवंत किडे, आणि लगेच आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवांची, ताजी पिल्लं. आर्टेमियाची अंडी लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ घालून, एअरपंपाची नळी सोडून ठेवली की दीड दिवसात फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर येतात आणि नारिंगी जीव खाली बसतात. ते नळीने ओढायचे, तलम कापडातून गाळून धुवायचे आणि द्यायचे. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की समजायचं, आज जेवली.

म्हणून माझा सल्ला असा: मासे आणायच्या आधी पंधरा दिवसांची रंगीत तालीम करा. कोणाकडून तरी मायक्रोवर्मचं चमचाभर विरजण मागून आणा. ओट्सच्या घट्ट लापशीवर चिमूटभर यीस्ट टाकून, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ते वाढवा. आंबलेल्या पिठासारखा वास येतो. घरच्यांना तो चालतो का, हेही तेव्हाच कळेल. एकदा तरी आर्टेमिया उबवून बघा. आणि वीस रिकाम्या बरण्या पाण्याने भरून दर दोन दिवसांनी ते पाणी बदला. बरणीत मासा नाही, तरीही बदला. माझ्या एका मैत्रिणीने पाचव्या दिवशी बरण्या भंगारवाल्याला दिल्या आणि माझे आभार मानले. तिचा निर्णय झाला, एकही जीव न जाता.

तालीम पार पडली तर जोडी. इथे घाई होते. दुकानात पेल्यात फडफडणारा लांब शेपटीचा नर बऱ्याचदा वयाने मोठा असतो. जोडीला चार महिने ते वर्षभर वयाचे मासे बरे. पहिल्या खेपेला आखूड शेपटीचा प्लाकाट घ्या. अर्धचंद्रासारख्या पसरट शेपटीच्या हाफमूनला स्वतःची शेपटी सांभाळत मादीला मिठी मारणं जड जातं. दोन्ही मासे एकाच जातीचे हवेत. काटेरी मुकुटासारख्या शेपटीचा क्राउनटेल आणि हाफमून अशी सरमिसळ केली की धड हे ना धड ते अशी पिल्लं निघतात आणि ती कोणी घेत नाही. दुहेरी शेपटीच्या डबलटेलला डबलटेल लावू नका, पाठीचे कणे वाकडे निघतात. जाड चंदेरी खवल्यांच्या ड्रॅगन माशांत काहींच्या डोळ्यांवर पुढे खवले चढतात आणि मासा आंधळा होतो. हे मी माझ्याच एका नराच्या बाबतीत पाहिलंय, म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

जोडी लावायला सलग दोन दिवस तुम्ही घरी हवेत. पसरट टबात वीतभरापेक्षा कमी पाणी, फिल्टर बंद, तरंगायला थर्माकोलचा अर्धा पेला, मादीला लपायला भरपूर झाडं, आणि देशी बदामाचं एक वाळलेलं पान. ते विकत घेऊ नका. आपल्याकडे अर्ध्या शाळांच्या मैदानात हे झाड आहे, खाली पडलेलं लालसर पान धुऊन वाळवलं की झालं. आठ-दहा दिवस दोघांना जिवंत खाणं दिल्यावर नर टबात मोकळा सोडायचा आणि मादीला कंदिलाच्या काचेत उभी करायची. काच दोन्हीकडून उघडी असते, त्यामुळे नंतर नुसती वर उचलली की मादी बाहेर. तिच्या अंगावर उभे पट्टे आले, पोट भरलेलं दिसलं आणि नराने घरटं बांधलं की काच उचला. आडवे पट्टे म्हणजे ती घाबरलीय, थांबा. काच उचलल्यावर थोडी मारामारी होणारच, पण मादीचे पंख चिंध्या व्हायला लागले तर त्या दिवसाचा बेत रद्द. अंडी घालून झाली की मादीला लगेच बाहेर काढा, नाहीतर नर तिला जगू देत नाही. अंडी आणि पिल्लं सांभाळतो तो बापच. पडलेलं प्रत्येक अंडं तोंडात धरून तो घरट्यात परत ठेवतो. पिल्लं आडवी पोहायला लागली की त्यालाही काढायचं. पहिलटकर बाप कधीकधी अंडी खाऊन टाकतो. त्याला शिव्या घालू नका, पुन्हा संधी द्या.

टबावर काच किंवा प्लास्टिक झाकलेलं हवं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लं वर येऊन हवा घ्यायला लागतात, तेव्हा वरची हवा गार असली तर ती दगावतात. पुणे-नाशिककरांना थंडीत हीटरशिवाय जमणार नाही, पाणी २६ ते २८ अंशांवर राहायला हवं. आम्हाला डोंबिवलीत जानेवारीचे काही दिवस सोडले तर लागत नाही. आणि भरून ठेवलेल्या बादल्यांवर कापड बांधा. पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला घरात येतात, आणि ‘माझे मासे अळ्या खातात’ हे उत्तर बादलीला लागू पडत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात मी २० नर घेऊन गेले होते. एका दुकानदाराने बरण्यांकडे बघितलं आणि विचारलं, ‘ताई, साधेच आहेत ना?’ मिळालेल्या पैशांत आर्टेमियाचा डबासुद्धा सुटला नाही. बाहेरून होलसेल येणारा मासा त्याला माझ्यापेक्षा स्वस्त पडतो. तेव्हा धंदा म्हणून विचार करत असाल तर आधी घेणारा शोधा, मग नर शोधा.

एक प्रश्न मात्र घरात सगळ्यांनी बसून बोलायला हवा. प्रत्येक खेपेत काही पिल्लं वाकडी, काही तळाशी घसटत राहणारी निघतात. त्यांचं काय करायचं? अनुभवी लोक लवंगतेलाने त्यांना शांतपणे मरण देतात. मला पहिल्यांदा ते जमलं नाही, नवऱ्याने केलं आणि दोन दिवस तो टबाकडे फिरकला नाही. हे आपल्याच्याने होणार नाही असं वाटत असेल तर जोडी लावू नका. आणि जास्तीची पिल्लं तळ्यात किंवा खाडीत सोडायचा विचारही नको. असाच बाहेरून आलेला तिलापिया आपल्या तलावांतून आता हटता हटत नाही.

एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील तर कंदिलाची काच शोधायला लागा. ती हल्ली लवकर मिळत नाही. मला जुन्या बाजारात भांडीवाल्याकडे तीन दुकानं फिरल्यावर मिळाली, आणि त्याने ‘कंदील कुठाय?’ असं दोनदा विचारलं.